दुसऱ्या टोकाचा आकडा

दाजी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा ताईकडे कमी आणि जमिनीकडे जास्त बघत होते. आईच्या हातून चहाचा कप कलंडला, चहा फरशीवरून वळणं घेत दाराकडे निघाला, आणि हा माणूस खुर्ची सोडून त्या चहाच्या मागे गेला. उंबऱ्याशी वाकून म्हणाला, "तुमच्या घराला दाराकडे दोन बोटं उतार आहे. चांगलं आहे, पाणी साचणार नाही." आई बघतच राहिली. ते गेल्यावर मी ताईला विचारलं, "हा तुला बघायला आला होता की फरशी बसवायला?" ताईने माझा कान पिरगळला आणि लग्न त्याच्याशीच केलं.

तेव्हापासून ते माझे दाजी. मी त्यांच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, शिवाय बायकोचा भाऊ, म्हणजे चेष्टेचा हक्क दोन्हीकडून. ते मला "मेहुणे" म्हणायचे, रागावले की "मेहुण्या". फार कमी वेळा रागवायचे. राग माझ्याकडे होता, घरातल्या सगळ्यांच्या वाट्याचा. आमच्याकडे म्हणायचे, ह्याच्या नाकावर माशी बसली तर माशीचीच चूक.

दाजी माती-पाणी कार्यालयात नोकरीला होते. पावसाचं पाणी उतारावरून धावत सुटलं की जाताना माती घेऊन जातं. त्याच्या वाटेत आडवा बांध घातला की पाणी थांबतं, मुरतं, आणि माती जागच्या जागी राहते. पण तो बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच पातळीत हवा. कुठे जरा खाली राहिला, की सगळं पाणी तिथे गोळा होतं आणि फोडून जातं. ऐकायला सोपं वाटतं ना? उतारावर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी सांगा बघू, इथली जागा तिथल्या पातळीत आहे की नाही. भले भले तोंडघशी पडलेत.

दाजी डोळ्यांवर विसंबायचे नाहीत. त्यांच्याकडे एक लांबलचक पारदर्शक नळी होती, पाण्याने भरलेली. तिची दोन टोकं दोन पट्ट्यांना बांधलेली आणि पट्ट्यांवर आकडे. एक माणूस ठोकलेल्या खुंटीपाशी उभा राहतो, दुसरा पुढे जाऊन उतारावर वर-खाली सरकतो. दोन्ही पट्ट्यांवर पाणी एकाच आकड्याला आलं, की दोन्ही जागा एका पातळीत. तिथे खुंटी ठोकायची आणि पुढे जायचं. कार्यालयात ह्याहून भारी यंत्रं होती, पण ती वापरणारे साहेब उंटावरून शेळ्या हाकणारे. शेतात पाय ठेवला की ह्यांच्या बुटांना माती लागायची. दाजी नळी खांद्यावर टाकून चालत यायचे, म्हणून लोक त्यांना नळीवालेच म्हणायचे.

प्रत्येक खुंटीला दोघांनी टोकं बदलून पुन्हा मोजायचं, हा त्यांचा नियम. त्यांचा जोडीदार, चाळिशीचा, सदा कुरकुरणारा, वैतागायचा. "साहेब, एकदा आलं ना बरोबर?" त्यावर दाजी शांतपणे म्हणायचे, "एकदा आलं म्हणजे आलं. दोनदा आलं म्हणजे बरोबर."

आमच्या उतारावर सतरा जणांची शेतं. सतरा जण म्हणजे सतरा तऱ्हा. बांधाची रेघ पाण्याच्या पातळीने जाणार, ती कुणाचं शेत मधोमध कापणार, कुणाचं कोपऱ्यातून, आणि एकाने जरी नाही म्हटलं तरी सगळं मुसळ केरात. दाजी दोन वर्षं दारोदार फिरले. दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. दाजी ह्याच्या अंगणातून त्याच्या अंगणात निरोप नेत राहिले. थोरला म्हणायचा, "त्याला सांगा, मी त्याच्या आधी सही करणार नाही." धाकटाही तेच. शेवटी दाजींनी दोघांना एकाच कागदाच्या दोन बाजूंना बसवलं आणि "एक, दोन, तीन" म्हटलं. दोघांनी एकदम सह्या केल्या. उतारभर हशा पिकला.

सगळ्यात शेवटी सही केली ती शिंपीणबाईंनी. एकट्या बाई, पंचवीस वर्षं शिवणयंत्रावर पाय मारून त्यांनी माझ्या शेताच्या बरोबर खाली लहानसा तुकडा घेतला होता. तिथे भाजी लावायच्या. माती इतकी भुसभुशीत की हात घातला तर कोपरापर्यंत जावा. दाजी कागद घेऊन गेले तेव्हा मी सोबत होतो. बाईंनी सुई दाताखाली धरूनच विचारलं, "सगळं अडवलेलं पाणी माझ्या डोक्यावर येऊन बसणार. उद्या फुटलं तर?"

दाजी म्हणाले, "रेघ मी नाही आखत, बाई. पाणी आखतं. मी फक्त खुंट्या ठोकतो."

बाईंनी दाताखालची सुई काढून ठेवली आणि सही केली.

आता माझ्यावर येतो. टाळून टाळून किती टाळणार.

मी सगळ्यात आधी सही केली होती, वाजतगाजत. "माझे दाजी आहेत, माझ्यापासूनच सुरुवात!" असं चार लोकांत म्हटलं होतं. रेघेचं शेवटचं टोक माझ्या शेतात, पलीकडे नुसता खडक. तिथे मी साठ लिंबाची रोपं लावली होती, तीन वर्षांची, नुकती कुठे अंग धरलेली. खुंट्या जवळ येऊ लागल्या तसं माझ्या लक्षात आलं की रेघ नेमकी रोपांच्या मधून जाणार. पंधरा-वीस रोपं बांधाखाली जाणार.

मी दाजींना म्हणालो, "जरा खालच्या अंगाने घेता आली तर बघा ना. रोपं वाचतील."

"पाण्याला विचार," ते हसून म्हणाले.

मला ते हसणं लागलं. सख्खा मेहुणा मी, लहानपणापासून ज्याच्या घरी जेवलो त्याने माझ्यासाठी चार पावलं खाली सरकू नये? दुसरा कुणी असता तर तिथेच भांडलो असतो. तिथे भांडलो असतो तर बरं झालं असतं.

त्या दिवशी दुपारनंतर जोडीदाराची दाढ ठणकायला लागली. गाल हा एवढा सुजला. दाजींनी त्याला घरी पाठवलं आणि दुसरी पट्टी माझ्या हातात दिली. "तीनच खुंट्या राहिल्यात, चल मेहुणे, आज सरकारी नोकर हो."

नळी नेताना टोकावर अंगठा दाबून धरायचा असतो, नाहीतर पाणी सांडतं. माझा अंगठा सुटला, थोडं पाणी सांडलं. ते मात्र खरंच चुकून. दाजी लांबून ओरडले, "असू दे! पण आता माझा अंदाज गेला. तू तुझा आकडा नीट वाच आणि मोठ्याने सांग."

नळीत पाणी तेवढंच असतं तर पातळीचा आकडा त्यांना आधीच ठाऊक असता; आता माझ्या शब्दाशिवाय त्यांना कळायला मार्ग नव्हता. हे माझ्या डोक्यात शिरलं, आणि पाय आपोआप रोपांच्या खालच्या अंगाला गेले. आपोआप कसले? मीच नेले.

"बासष्ट!" दाजी त्यांच्या टोकावरून ओरडले.

"बासष्ट!" मी ओरडलो.

खुंटी ठोकली. दुसरी. तिसरी. तिन्ही रोपांच्या खाली. टोकं बदलून मोजायचं दाजींनी तिन्हींचं शेवटी एकदम ठेवलं होतं; ते चालत आले, त्यासाठी हात पुढे केला, मग कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "जाऊ दे. तू आहेस." जाता जाता मात्र ते वळले, डोळे बारीक करून मागच्या रेघेकडे बघत राहिले. "इथे जरा उतरल्यासारखी वाटते रे."

पण जीभ माझी, ती कधी थांबली आहे? मी म्हणालो, "डोळ्यांवर विसंबू नये, तुम्हीच म्हणता ना?"

ते खूश झाले. माझ्या पाठीवर थाप मारली. "शिकलास!"

बांध झाला. सतराही घरांतली माणसं फावडी घेऊन राबली, ते न बोलणारे दोघे भाऊसुद्धा एकाच पाटीला हात लावायचे. पहिल्या वर्षी पाऊस बेताचा पडला. विहिरींचं पाणी वर आलं, लोक दाजींना रस्त्यात थांबवून हात हातात घेत. मीही मान ताठ करून हिंडलो. रोपांनी फुलं धरली. मला वाटलं, काय बिघडलं? हातभराने काय होतं?

दुसऱ्या वर्षी सलग तीन दिवस पाऊस लागला. अख्ख्या बांधात साठलेलं पाणी सखल टोकाकडे, म्हणजे माझ्या टोकाकडे सरकत आलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बरोबर माझ्या तीन खुंट्यांच्या जागी बांध फुटला. मी दारातून बघितलं. आवाज फारसा झाला नाही. लिंबाच्या झाडांना धक्का लागला नाही. शिंपीणबाईंच्या शेतात मात्र खालचा पांढरा दगड उघडा पडला होता, धुतलेल्या परातीसारखा स्वच्छ. बाई बांधाच्या तुटक्या तोंडाशी उभ्या होत्या आणि आपली माती कुठवर गेली ते शोधत होत्या.

चार दिवसांनी कार्यालयाच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे. साहेब लोकांनी अतिवृष्टी, निसर्गाचा कोप वगैरे सुरू केलं. तेवढ्यात दाजी उठले. तीन दिवस ते रेघ पुन्हा मोजत होते, पण बांध वाहून गेल्यावर तिथे मोजायला उरलं काय होतं? ते म्हणाले, "पावसाचा दोष नाही. पाणी शेवटाकडे गोळा झालं, म्हणजे तिथे रेघ उतरली आहे. मोजमाप माझं, चूक माझी."

शिंपीणबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मी साधी बाही कापायची तरी दोनदा मोजते हो."

दाजींनी मान खाली घातली. "मीही दोनदा मोजतो. कुठे चुकलो ते मला सापडत नाहीये, बाई."

मी तिसऱ्या रांगेत होतो. उठायला हवं होतं. उठलो नाही असं नाही, उठलोही! उठून काय बोललो ते ऐका. म्हणालो, "शेवटी माणूस आहे. माणसाच्या हातून चुकतं कधीतरी. सांभाळून घ्या." दोघा-चौघांनी माना डोलावल्या. आणि दाजींनी माझ्याकडे बघितलं, डोळे भरून, उपकार झाल्यासारखं. मूग गिळून बसलो असतो तरी चाललं असतं. मी मोठेपणा घेतला. नालायकपणाचीही काही हद्द असते, ती मी त्या दिवशी ओलांडली.

उतारावरचं काम तिथेच थांबलं. बांध कुणी पुन्हा घातला नाही, उरलेलाही हळूहळू खचला. दाजींनी साहेबांना अर्ज दिला की मला टेबलाचं काम द्या. निवृत्तीपर्यंतची चार वर्षं त्यांनी फायली लावल्या. ताई सांगायची, "घरात जेवणाचं टेबल डुगडुगतं, आणि हे गप्प. पूर्वी रविवार-रविवार त्याच्या पायाखाली कागदाच्या घड्या घालत बसायचे." कुणी रस्त्यात जागेबद्दल, बांधकामाबद्दल सल्ला विचारला तर म्हणायचे, "माझा अंदाज धरू नका, मी चुकतो." जो माणूस सांडलेल्या चहामागे जायचा, तो पुढे सांडलेलं पाणी नुसतं पुसून टाकायला लागला.

मी दर वर्षी त्यांना पिशवीभर लिंबं नेऊन द्यायचो. खाई त्याला खवखवे, म्हणून द्यायचो. ते एक लिंबू हातात घेऊन वास घ्यायचे. "झाडं वाचली तुझी, एवढं तरी बरं झालं," म्हणायचे. आणि मी ताईच्या हातचं पोटभर जेवून परत यायचो. सांगेन सांगेन म्हणत आधी त्यांची निवृत्ती आली, मग ताईचं आजारपण, मग त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन. निमित्तांना काय तोटा? अशी सोळा वर्षं गेली.

ह्या वर्षी कार्यालयात नव्या मॅडम आल्या. तरुण, कामाच्या. त्यांनी उतार बघितला, उघडे पडलेले दगड बघितले आणि पुन्हा सतरा घरांत कागद घेऊन फिरल्या. त्यांचं यंत्र दिवा लावून पातळी दाखवतं. तरी लोक तयार होईनात. माझ्या घरी बैठक झाली, तेव्हा शिंपीणबाईही आल्या होत्या, आता पाठीत वाकलेल्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, यंत्र तुमचं चांगलंच असेल. पण इतक्या वर्षांत 'चूक माझी' म्हणणारा मी एकच माणूस बघितला. नळीवाले उभे राहिले तर मी सही करते." बाकीच्यांनी तेच उचलून धरलं. मॅडम दाजींकडे दोनदा जाऊन आल्या. दोन्ही वेळा ते हात जोडून म्हणाले, "माझ्यामुळे एकदा वाटोळं झालंय. पुन्हा नको."

मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही त्यांचे मेहुणे ना? तुमचं ऐकतील ते."

माझं ऐकतील! माझं ऐकलं म्हणून तर हे सगळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेलो. दुपारची वेळ, ताई आत कपड्यांच्या घड्या घालत होती. दाजी खिडकीशी खुर्चीत बसले होते, जाड चष्मा, मांडीवर हात. मी समोर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. रोपं, सांडलेलं पाणी, तीन खुंट्या, सभागृहात काय बोललो तेही. सांगताना मी भिंतीकडे बघत होतो. थांबलो तेव्हा आतून घड्या घातल्याचा आवाजही येत नव्हता.

दाजींनी मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले. मग त्यांनी विचारलं, "खरा आकडा काय होता?"

मला कळेना. "कसला?"

"तुझ्या पट्टीवर. पाणी कुठल्या आकड्याला होतं?"

मी आठवायला गेलो. आठवण्यासारखं काही नव्हतंच. "मी बघितलंच नाही, दाजी. तुम्ही बासष्ट म्हणालात, मीही बासष्ट म्हणालो."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

त्यांनी मान हलवली, हिशेब लागत नसल्यासारखी. "बाईंना सांगितलंस?"

"नाही अजून."

"आधी तिथे जायचं होतंस. शेत त्यांचं गेलं."

पुढचं आधीच सांगून टाकतो. बाईंकडे मी तिथूनच गेलो, आणि त्या जे बोलल्या त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. सही त्यांनी केली. दाजीही पुढच्या आठवड्यात उतारावर गेले, मॅडमच्या शेजारी स्टुलावर बसून यंत्राच्या जोडीला नळीही धरायला लावत होते आणि प्रत्येक खुंटीला टोकं बदलायला लावत होते म्हणे. "म्हणे" अशासाठी, की मला कुणी बोलावलं नव्हतं. मी दार लावून घरात बसलो होतो. लिंबाची बावीस झाडं काढावी लागली. ती मी माझ्या हाताने काढली.

पण त्या दुपारी मी जायला उठलो तेव्हा माझ्याने राहवलं नाही. म्हणालो, "दाजी, काहीतरी बोला. शिव्या द्या. दोन थोबाडीत मारा. हे असं शांत नका राहू."

त्यांनी चष्मा काढला. त्या डोळ्यांना मी कितपत दिसत होतो कोण जाणे. हळूच म्हणाले, "सोळा वर्षं मी इथे बसून ती रेघ आखतोय. पहिल्या खुंटीपासून. प्रत्येक खुंटीपाशी थांबतो आणि माझी चूक शोधतो. त्या शेवटच्या तिन्हींपाशी कधी थांबलोच नाही. तिथे तू होतास ना."